वाफेच्या छोट्या इंजिनाला ‘कान’ कसे बसवतात?



गेल्या काही महिन्यांत आमच्या कार्यालयात दोन प्रश्न वारंवार आले. मुले विचारतात, “सर, गाडी पुन्हा कधी चालवायची?” आणि पालक व विश्वस्त विचारतात, “प्रयोगशाळेत ही खेळण्यातली आगगाडी कशासाठी?” दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच लेखात द्यावे, म्हणून हा प्रपंच. एक वस्तू आमच्या हातून जळाली, तिचाही हिशेब येथेच देत आहोत.

ग्वाल्हेरच्या माणसाला छोट्या रेल्वेचे अप्रूप वाटण्याचे खरे तर कारण नाही. जयविलास महालातील भोजनकक्षात मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. पाहुण्यांपुढे पेयांच्या बाटल्या घेऊन ती विजेवर फिरत असे आणि बाटली उचलली की थांबत असे, असे सांगतात. आपल्या शहरातून श्योपुरकडे जाणारी दोन फुटी रुळांची गाडीसुद्धा २०२० पर्यंत धावत होती. सुमारे २०० किलोमीटरचा तो मार्ग आता मोठ्या लाइनीत बदलला जात आहे. आपल्या घरांत कुणी ‘पटरी’ म्हणतो, कुणी ‘रूळ’. आम्ही या लेखात रूळच म्हणू, घरी काहीही म्हणा.

आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने आयुष्याची बरीच वर्षे इंग्लंडमध्ये काढली. त्यांच्या पश्चात कुटुंबीयांनी त्यांची एक पेटी शाळेला भेट दिली. पेटीत रुळांचे तुकडे, दोन डबे, एक जुना विद्युत नियंत्रक आणि काळ्या रंगाचे वाफेचे टँक इंजिन निघाले. ट्रायअँग या इंग्रज कंपनीने बनवलेली ती ‘जिंटी’ इंजिनाची प्रतिकृती आहे. खरी जिंटी म्हणजे लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेचे सहा चाकांचे इंजिन. १९२४ ते १९३१ या काळात अशी ४२२ इंजिने बांधली गेली. यार्डात डबे इकडून तिकडे लावणे, मालगाडीला मागून रेटा देणे अशी पडेल ती कामे ते करीत असे. थाटामाटाच्या गाड्या त्याच्या वाट्याला क्वचितच आल्या. आम्हांस ते म्हणूनच आवडते, हा भाग वेगळा.

अशी जुनी प्रतिकृती चालते कशी, ते आधी पाहू. दोन रुळांमध्ये शून्यापासून १२ व्होल्टपर्यंत दिष्ट विद्युतधारा दिली जाते. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाके रुळांवरून धारा उचलतात आणि मोटर फिरते. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, धन-ऋण उलटे केले की गाडी उलटी जाते. इतके सोपे, आणि अडचणही यातच. धारा रुळाला दिलेली असते, इंजिनाला नव्हे. एकाच रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकदमच सुटतात. एक थांबवून दुसरे चालवायचे असेल, तर रुळांचे तुकडे एकमेकांपासून वेगळे करून प्रत्येकाला स्वतंत्र बटण लावावे लागते. मोठ्या मांडणीत अशा तारांचे जंगल होते.

यावर जो तोडगा निघाला त्याला ‘डिजिटल कमांड कंट्रोल’, थोडक्यात डीसीसी, म्हणतात. जर्मनीतील लेन्झ कंपनीने १९८० च्या दशकात त्याचा पाया घातला आणि अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या १९३५ पासूनच्या संस्थेने १९९० च्या दशकात त्याचे मानक ठरवले. मानक ठरल्याचा लाभ मोठा झाला. एका कंपनीच्या नियंत्रकावर दुसऱ्या कंपनीचे इंजिन चालू लागले.

कल्पना अशी. शाळेत हजेरी घेताना गुरुजी सर्वांसमोर क्रमांक पुकारतात. आवाज चाळीसही मुलांना ऐकू जातो, पण ‘हजर’ म्हणतो तो एकच. डीसीसीमध्ये रुळांवर सतत साधारण १४ ते १६ व्होल्ट असतातच, गाडी उभी असली तरीही. या धारेची दिशा अतिशय वेगाने उलटसुलट होत राहते, आणि ती किती वेळाने उलटते यातच संदेश दडलेला असतो. म्हणजे जी धारा इंजिनाला अन्न पुरवते, तीच निरोपही आणते. प्रत्येक इंजिनात नखाएवढ्या आकाराची एक पट्टी बसवलेली असते. तिला डिकोडर म्हणतात. ती सर्व निरोप ऐकते, आपला क्रमांक आला तरच पाळते, आणि मोटरीला हवी तेवढीच वीज पुढे सोडते. इंजिनाला कान बसवणे म्हणतो ते हेच.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी पुढचा परिच्छेद वही-पेन्सिल घेऊन वाचावा. धारा एका दिशेला ५८ मायक्रोसेकंद आणि उलट दिशेला ५८ मायक्रोसेकंद राहिली, तर तो ‘१’ समजतात. प्रत्येक दिशेला किमान १०० मायक्रोसेकंद राहिली, तर तो ‘०’. एका निरोपात आरंभी किमान चौदा वेळा ‘१’ येतो. हा जणू “लक्ष द्या” असा पुकारा. मग एक ‘०’, मग आठ अंकांचा पत्ता, पुन्हा ‘०’, आठ अंकांची आज्ञा, पुन्हा ‘०’, आठ अंकांची पडताळणी आणि शेवटी ‘१’. समजा पत्ता ३ आहे, म्हणजे द्विमान पद्धतीत ००००००११, आणि पुढे अमुक वेगाने जाण्याची आज्ञा ०११०१००० आहे. हे दोन्ही एकाखाली एक लिहा. वरखाली सारखे अंक असतील तेथे ०, वेगळे असतील तेथे १ मांडा. ०११०१०११ येते. हीच पडताळणी. डिकोडर हे गणित स्वतः करून पाहतो. आलेल्या पडताळणीशी उत्तर जुळले नाही, म्हणजे वाटेत धूळ किंवा ठिणगीने निरोप बिघडला, तर तो निरोप मुकाट्याने सोडून देतो. नियंत्रक तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत असतोच. या एका निरोपात ‘१’ किती आणि ‘०’ किती ते मोजा, लागणारा वेळ काढा. आमच्या मुलांचे उत्तर सुमारे ६.३ मिलिसेकंद आले. सेकंदाला असे दीडशे निरोप जाऊ शकतात. गुणाकार-भागाकाराचा कंटाळा करणाऱ्या एका वर्गाने हे उदाहरण न सांगता सोडवले, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवतो.

आता मुख्य काम, डिकोडर बसवणे. डिझेल इंजिनाची प्रतिकृती म्हणजे लांबट पोकळ डबा, जागाच जागा. वाफेच्या इंजिनाचे तसे नाही. बॉयलर बारीक, त्यात वजन भरलेले, मागच्या भागात मोटर, खाली दांडे आणि चाके. आणि ब्रिटिश इंजिने तर मुळातच लहान अंगाची. यावरून एक गंमत सांगण्यासारखी आहे. आमच्या पेटीतील रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर आहे. प्रतिकृती १:७६ या प्रमाणात आहे. खऱ्या रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर. भागाकार करून पाहा, उत्तर १९ च्या जवळ येते. मग रूळ अरुंद का? कारण सुरुवातीच्या काळातील मोटरी १:८७ प्रमाणाच्या ब्रिटिश इंजिनात मावत नव्हत्या. तेव्हा रूळ तेच ठेवून इंजिनाचे अंग तेवढे मोठे केले, आणि ती तडजोड आजतागायत चालू आहे. जागेची तक्रार म्हणजे फार जुनी आहे.

हल्लीच्या पुष्कळ इंजिनांत आठ पिनांचे किंवा तशाच प्रकारचे सॉकेट तयार असते. झाकण उघडा, डिकोडर खोचा, झाले. टेंडर असलेल्या इंजिनात तो बहुधा कोळशाच्या टेंडरमध्ये ठेवतात आणि इंजिन व टेंडर यांच्यामध्ये बारीक तारा नेतात. जुन्या इंजिनात सॉकेट नसते. तेथे प्रत्येक तार हाताने सोल्डर करावी लागते. तारांचे रंग मानकाने ठरवलेले आहेत. लाल तार उजव्या रुळाकडून, काळी डाव्या रुळाकडून. नारिंगी आणि करडी या दोन मोटरीकडे. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या दिव्याला आणि निळी दिव्यांची सामाईक धन तार.

यात एक नियम असा आहे की तो मोडला तर बाकी सारे व्यर्थ. मोटरीचे दोन्ही ब्रश रुळांपासून, चाकांपासून आणि इंजिनाच्या धातूच्या सांगाड्यापासून पूर्णपणे तुटलेले असले पाहिजेत. रुळाची वीज आधी डिकोडरमध्ये आणि डिकोडरमधून मोटरीत, एवढाच मार्ग. आडवाटेने मोटर रुळाला कोठेही भिडता कामा नये. भिडली, तर रुळावरची सगळी धारा डिकोडरच्या मोटरीकडील बाजूने उलटी शिरते आणि क्षणात तो जळतो.

आणि जुन्या ट्रायअँग इंजिनात नेमकी हीच आडवाट मुळापासून असते. त्यातील ‘एक्स-ओ-फोर’ नावाच्या मोटरीत दोन्ही ब्रश दाबून धरणारी एकच वाकवलेली स्प्रिंग आहे. तिच्या एका टोकावर विजेला अडवणारी छोटी नळी असते, दुसरे टोक उघडे. उघड्या टोकाचा ब्रश स्प्रिंगमधून सांगाड्याला आणि सांगाड्यातून एका बाजूच्या चाकांना जोडलेला. एक तार वाचवण्याची ही जुनी युक्ती. साध्या दिष्ट धारेवर ती उत्तम चालते. डीसीसीला ती घातक.

आमची चूक येथेच झाली. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या विज्ञान प्रदर्शनात गाडी डिजिटल पद्धतीने चालवून दाखवायची, असे आम्ही कार्यक्रमपत्रिकेत छापून टाकले होते. विज्ञानाचे शिक्षक त्या आठवड्यात रजेवर होते. आदल्या दिवशी दुपारी आम्ही स्वतः मुलांबरोबर बसलो. जुन्या तारा कापल्या, म्हणजे मोटर सुटी झाली, असा आमचा समज. नववीतील एका विद्यार्थिनीने मल्टिमीटरचे एक टोक ब्रशला आणि दुसरे चाकाला लावले आणि म्हणाली, “सर, अजून बीप वाजतोय.” आम्ही म्हणालो, “मोटरीत तारेची गुंडाळी असते, तीतून जाते वीज. वाजणारच.” ती पुन्हा म्हणाली, “पण सर, मी एकच ब्रश धरलाय. दुसरं टोक चाकावर आहे.” आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि चला, जोडा, असे सांगितले.

तिचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. दोन ब्रशांमध्ये मीटर वाजणे योग्य, कारण मधल्या गुंडाळीचा रोध थोडाच असतो. (आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, आमच्या तोंडी ‘प्रतिरोध’ येतो, मराठी पुस्तकात तो ‘रोध’ आहे.) पण ब्रश आणि चाक यांच्यामध्ये मीटर वाजला की काम तेथेच थांबवायचे. आम्ही थांबलो नाही. वर आणखी एक पायरी गाळली. नवा डिकोडर प्रथम प्रोग्रॅमिंगच्या वेगळ्या रुळावर ठेवायचा असतो, कारण तेथे नियंत्रक अगदी मोजकी धारा सोडतो आणि जोडणी चुकली असली तरी डिकोडर सहसा वाचतो. आम्ही इंजिन थेट मुख्य रुळावर ठेवले. करपल्याचा वास आला, बारीक धूर दिसला आणि नियंत्रकाने वीज तोडली. प्रदर्शनात दुसऱ्या दिवशी गाडी डब्यातच राहिली.

विश्वस्तांच्या माहितीसाठी: पहिला डिकोडर विज्ञान निधीतून घेतला होता, जळालेल्याच्या जागी दुसरा आम्ही स्वतःच्या पगारातून घेतला. दोन्ही पावत्या कार्यालयात आहेत. त्या विद्यार्थिनीची क्षमा आम्ही वर्गात सर्वांसमोर मागितली. दुसऱ्या वेळी “आता वीज सोडा” हे वाक्य कुणी म्हणायचे, तर तिनेच, असे ठरले.

दुसऱ्या खेपेस काम दोन आठवडे चालले. प्रथम मोटर बाहेर काढून स्वच्छ केली, तेलाचा थेंब दिला. स्प्रिंगच्या दुसऱ्या टोकावरही नळी चढवली आणि दोन्ही ब्रशांच्या पितळी धारकांना नारिंगी व करडी तार सोल्डर केली. चाकांकडून येणाऱ्या दोन वाटांना लाल आणि काळी. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून जुन्या इंजिनांत कधी कधी एक लहान कपॅसिटर लावलेला असतो. तो डिकोडरच्या कामात अडथळा आणतो म्हणून काढला. मग ब्रश ते चाक, ब्रश ते सांगाडा, दुसरा ब्रश ते चाक, अशी प्रत्येक जोडी मीटरने तपासली. एकदाही बीप नाही.

पुढे मोटरीची भूक मोजली. साध्या १२ व्होल्टवर मोटर चालवून, क्षणभर तिचा आस हाताने अडवून धरला आणि ती किती धारा ओढते ते पाहिले. सुमारे १ अँपिअर आले. डिकोडर यापेक्षा कमी सोसणारा असेल, तर गाडी कोठे अडकली की तो जाईल. जुन्या मोटरीतील चुंबक वर्षानुवर्षे क्षीण होतो आणि मोटर अधिक धारा खाऊ लागते, म्हणून हे मोजमाप टाळू नये.

डिकोडर बॉयलरच्या पोकळीत, मोटरीच्या पुढे बसवला. तेथील वजनाचा एक तुकडा काढून बाजूच्या टाक्यांमध्ये हलवावा लागला, कारण वजन कमी झाले की चाके जागेवर घसरतात आणि डबे ओढले जात नाहीत. वजन शिशाचे आहे, हात लावल्यावर साबणाने धुवायचे. आमचे लक्ष असते, घरी पालकांचेही असावे. डिकोडर पूर्णपणे टेपमध्ये गुंडाळू नये, त्याला थोडी हवा लागते. सांगाड्याला स्पर्श होईल तेवढ्याच बाजूला उष्णता सोसणारी टेप लावली.

मग प्रोग्रॅमिंगचा रूळ. डिकोडरमध्ये क्रमांक घातलेले बरेच कप्पे असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. पहिल्या कप्प्यात इंजिनाचा पत्ता. कारखान्यातून तो ३ असा येतो. आपली प्रयोगशाळा खोली क्रमांक १२ मध्ये आहे म्हणून मुलांनी १२ ठेवला. डिकोडर बोलू शकत नाही, मग कप्प्यात काय आहे ते नियंत्रकाला कळते कसे? नियंत्रक विचारतो, “अमुक आहे का?” उत्तर हो असेल तर डिकोडर मोटरीला अगदी निमिषभर वीज देतो. धारा तेवढ्यापुरती वाढलेली नियंत्रकाला जाणवते. पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच, की इंजिन जागच्या जागी किंचित दचकते. मुलांना ही मान डोलावणे सर्वांत जास्त आवडली.

दुसऱ्या कप्प्यात सुरुवातीचे व्होल्ट. जुनी मोटर जड असल्याने ते थोडे वाढवले. तिसऱ्यात वेग धरण्याचा आणि चौथ्यात वेग सोडण्याचा कालावधी. तिसऱ्यात २० घातले की उभ्या गाडीला पूर्ण वेग घ्यायला सुमारे १८ सेकंद लागतात. खऱ्या आगगाडीसारखा जडपणा येतो तो येथून. इंजिन उलटे धावू लागले, तर तारा उसवण्याची गरज नाही. एकोणतिसाव्या कप्प्यातील एक अंक बदलला की दिशा सुधारते. आमचे उलटेच धावले होते.

आणखी एक गोष्ट भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना फार प्रिय आहे. मोटर बाहेरून फिरवली की डायनॅमो होते, हे आपण शिकतो. चांगला डिकोडर सेकंदात कित्येक वेळा मोटरीची वीज क्षणभर बंद करतो आणि फिरणारी मोटर त्या क्षणी किती वीज निर्माण करते ते मोजतो. त्यावरून तिचा खरा वेग कळतो. चढ आला, वेग उतरला, की तो वीज वाढवतो. म्हणून डिजिटल इंजिन गोगलगायीसारखे हळू पण अखंड चालू शकते.

आवाजाचा डिकोडर आम्ही घेतलेला नाही. खर्च वाढतो आणि जिंटीत स्पीकरला जागा नाही. पण घेतला असता, तर चाकाच्या एका फेऱ्यात ‘भक’ असा आवाज चार वेळा यायला हवा होता. खऱ्या जिंटीला दोन सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरमधून एका फेऱ्यात वाफ दोनदा बाहेर पडते. तीन सिलिंडरांच्या इंजिनाला सहा. आजोबांपैकी ज्यांनी कोळशाची इंजिने ऐकली आहेत, त्यांच्या कानांना हा हिशेब आपोआप कळतो. पालक सभेच्या दिवशी अशा दोन आजोबांनी मेजावर बोटे आपटून तो मुलांना समजावला.

सध्याची स्थिती अशी. इंजिन क्रमांक १२ दर शनिवारी मधल्या सुट्टीनंतर चालते. सांधा बदलण्याच्या ठिकाणी ते अजून अडखळते, कारण तेथे प्लास्टिकचा तुकडा आहे आणि आखूड इंजिनाची चाके त्यावर आली की वीज तुटते. क्षणभराची वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर जोडला तर हे टळेल, परंतु तो ठेवायचा कोठे, यावर दहावीतील दोन गटांत मतभेद आहेत. एक गट चालकाच्या केबिनच्या छताखाली म्हणतो, दुसरा मागच्या कोळशाच्या कप्प्यात. दोन्ही गटांनी पुठ्ठ्याचे नमुने कापून आणले आहेत आणि पुढच्या शनिवारी मोजमाप व्हायचे आहे. मीटर नेहमीप्रमाणे त्या विद्यार्थिनीच्या हाती राहील.